साहेब येईपर्यंतचं संगीत

संगीत ही ईश्वराची भाषा आहे. हे वाक्य मी गडचिरोली जिल्ह्यातल्या इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे, की त्यानंतर टाळ्या कितपत पडतील हेही आता आधीच सांगू शकतो. फक्त एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. दर वेळी हे वाक्य म्हणणाऱ्याने माईक हातात घेण्यापूर्वी चालू असलेलं संगीत बंद करायला लावलं होतं.

ते बंद करणारे गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचे होते. खरं तर ते बंद करत नसत, उतरवत असत. व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून कुणीतरी गळ्यावर बोट फिरवत धावत यायचं, "बंद, बंद! साहेब आले!" आणि हे मिक्सरवरची आवाजाची खिटी दोन बोटांनी खाली ओढायचे. झोपलेल्या मुलाच्या मानेखालून हात काढावा तितक्या हळू. धावत आलेला माणूस तोवर लालबुंद झालेला असायचा.

"बंद करा म्हटलं ना!"

"कापाले बकरा हाय का जी?" हे मान न वळवता म्हणायचे. "गानं कापत नाई. उतरवतेत."

सगळं गाव त्यांना माइकवाले भाऊ म्हणायचं. बस स्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं. वडिलांच्या काळात तिथे पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आणि एक भोंगा भाड्याने मिळायचा. भाऊंच्या काळात त्याच्या जागी माणसाच्या उंचीच्या काळ्या पेट्या आल्या, मिक्सर आला, जनरेटर आला. सरकारी कार्यक्रम, उरूस, बुद्धजयंती, मार्कंड्याची यात्रा, प्रचारसभा, सगळीकडे त्या पेट्या उभ्या असायच्या आणि त्यांच्यामागे एका लोखंडी खुर्चीत भाऊ, जगावर रागावल्यासारखे.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती व्यवसायामुळे. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि माझा आवाज स्वच्छ होता. या दोन अपराधांबद्दल मला जिल्ह्यातल्या सरकारी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करावं लागे. सूत्रसंचालक म्हणजे साहेब येईपर्यंत "थोड्याच वेळात" हे दोन शब्द वेगवेगळ्या आवाजांत म्हणणारा माणूस.

असे कार्यक्रम तुम्हीही पाहिले असतील. पत्रिकेवर वेळ अकराची असते. लोकांना गावोगावहून आणणाऱ्या गाड्या नऊलाच रिकाम्या होतात, कारण मैदान भरलेलं दिसलं पाहिजे. साहेब अकराला जिल्ह्याच्या हद्दीतसुद्धा नसतात. मधल्या काळात लोक उन्हात बसतात, व्यासपीठावरच्या रिकाम्या सोफ्यांवर पंखे फिरतात आणि भाऊ गाणी लावतात. तीही धड नाही. गाणं रंगात आलं की कुणीतरी येऊन सांगणार, पांढरी जीप कुणाची आहे ती हलवा. मग दुसरं गाणं, मग फुलांचे गुच्छ कुठे आहेत याची चौकशी. मग तिसरं. मग साहेब.

एकदा असेच खोळंबलो असताना मी मोबाइलवर एक जॅझ फ्यूजनचा अल्बम ऐकत बसलो होतो. नागपूरच्या वसतिगृहात असताना माझ्या खोलीतल्या मित्राने मला हा नाद लावला. जॅझ, रॉक आणि अधूनमधून आपला तबला यांची एकत्र मोट. भाऊंनी माझ्या कानातली एक तार काढून सरळ स्वतःच्या कानात घातली.

कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, आता हे तार फेकून देणार.

"हे लोकं भांडून राह्यले का?"

"नाही. बोलताहेत एकमेकांशी."

"मंग एक बोलून राह्यला तं बाकीचे चूप काऊन हायेत?"

"ऐकताहेत."

भाऊंनी समोरच्या व्यासपीठाकडे पाहिलं. तिथे दोन स्थानिक पुढारी एकाच वेळी तिसऱ्याला काहीतरी समजावत होते. "स्टेजवर असं मी पयल्यांदा ऐकून राह्यलो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून अल्बम सुचवणं हे माझं काम झालं, आणि भाऊंसारख्या श्रोत्याला काही सुचवणं हे सोपं काम नव्हतं. मी पेन ड्राइव्हवर भरून द्यायचो आणि आठवड्याने निकाल ऐकायला जायचो. एका गाजलेल्या अल्बमबद्दल ते म्हणाले, "सॅक्सोफोन जास्त झाला की वरातीत आल्यावानी वाटते." दुसऱ्या एकातला ड्रमवादक त्यांना फार आवडला. हा सिरोंच्याकडचाच असणार, असं त्यांनी जाहीर केलं. मी सांगितलं, तो अमेरिकन आहे. "असू द्या," भाऊ म्हणाले. "आजी तिकडली असन."

पण त्यांचा खरा संताप वेगळ्याच गोष्टीवर होता. बऱ्याच अल्बममध्ये तुकडा संपत नाही. वाजतच असतो आणि आवाज हळूहळू कमी होत नाहीसा होतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा भाऊंनी चमकून मिक्सरकडे पाहिलं. खिटी जागच्या जागी होती.

"यायच्या इथीबी कोनी सायेब आला वाटते," ते म्हणाले, आणि तो अल्बम पुन्हा कधी लावला नाही.

मग एकदा त्यांनी मनातलं सांगितलं. एक अल्बम, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत, लोकांसमोर, या मोठ्या पेट्यांवर वाजवायचा होता. एकदाच. मध्ये जीप हलवायची नाही, गुच्छ शोधायचे नाहीत, खिटीला हात लावायचा नाही.

"घरी ऐका की पूर्ण," मी म्हणालो.

"घरी ऐकनं म्हनजे एकट्यानं जेवनं, सर. पंगत नाई होय थे."

"मग घ्या एक संध्याकाळ. मैदानात पेट्या लावा आणि वाजवा."

भाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लाउडस्पीकरची परमिशन लागते न. मागून पाह्यली मी. 'कार्यक्रम कोनता?' म्हने. म्हनलं, गानं आयकाचा. 'मुख्य पाहुणे कोन?' म्हनलं, कोनी नाई. 'मंग कार्यक्रम काहाचा?' म्हने."

म्हणजे साहेब येणार असतील तरच संगीत वाजवता येणार, आणि साहेब आले की ते बंद होणार. हे गणित मी पुष्कळ विद्वानांना सांगून पाहिलं. ते हसतात. भाऊ हसले नव्हते.

राहिला एकच मार्ग. साहेबांचा उशीर आणि अल्बमची लांबी यांचा मेळ घालायचा. आम्ही दोघं याच्या मागे लागलो. तालुक्याच्या साहेबांना पाऊण तासाचा अल्बम पुरे. जिल्ह्याच्या साहेबांना तासाचा. पाहुणे मुंबईहून येणार असले की भाऊ फोन करायचे, "सर, डब्बल देजा." गाणारे असता कामा नयेत, कारण शब्द आले की कुणीतरी दुखावतं. आणि शेवट खरा पाहिजे, विरत जाणारा नको. हेलिकॉप्टरने येणाऱ्यांचा भाऊंना तिटकारा होता. पायलटला उजेडात परतायचं असल्याने ते बिचारे वेळ पाळत. मार्कंड्याच्या यात्रेत एक पाहुणे असेच वेळेवर उतरले आणि अल्बमचा पहिलाच तुकडा बुडाला.

"टायमावर आले!" भाऊ कितीतरी दिवस धुमसत होते. "काई रीतभात हाय का नाई लोकायले!"

मग धानोऱ्याचा कार्यक्रम आला. जंगलातून मोहफूल आणि हिरडा गोळा करणाऱ्या बायांना पिशव्या वाटायच्या होत्या. पिशवीवर साहेबांचा फोटो होता. साहेब मुंबईचे, येणार मोटारीने. मी भाऊंना एक अल्बम दिला. तासाला थोडा कमी, एकाच बैठकीत न थांबता वाजवलेला. त्यात इलेक्ट्रिक पियानो होता, बास होता, दोन ड्रमवादक आणि मध्येच कुठूनतरी येऊन बसणारा तबला. शेवटी एकेक वाद्य थांबतं आणि पियानोचा एकच सूर दाबून धरलेला राहतो, आपोआप विरेपर्यंत.

"कोनी उतरवत नाई?" भाऊंनी विचारलं.

"नाही. तो स्वतःच संपतो."

"मंग हेच."

एप्रिल महिना होता. बायांना सकाळीच आणून बसवलं होतं. मांडव व्यासपीठावर होता आणि पुढच्या निमंत्रितांच्या खुर्च्यांवर होता. बायांवर नव्हता. पाण्याच्या टाकीला लावलेला नळ दुपार व्हायच्या आत कोरडा पडला. व्यासपीठावर प्रत्येक सोफ्यासमोर पाण्याच्या बंद बाटल्या होत्या. भाऊ उठले, वर गेले, कडेवर पोर घ्यावं तशा दोन्ही हातांनी बाटल्या उचलल्या आणि खाली येऊन वाटल्या. कार्यक्रमाचे नियोजन करणारे अधिकारी धावले.

"अहो, ते मान्यवरांचं पाणी आहे!"

"मान्यवरायले तहान लागली का?" भाऊंनी रिकाम्या सोफ्यांकडे पाहून विचारलं. "विचारा बरं."

बायांच्या बाजूला सावली म्हणाल तर भाऊंच्या पेट्यांचीच तेवढी होती. काही म्हाताऱ्या त्या पट्टीत सरकून बसल्या होत्या. एकीने पेटीला पाठ टेकवली होती. बास वाजला की तिची पाठ थरथरायची आणि ती मागे वळून पेटीकडे बघायची, आत कोण आहे म्हणून.

"कोनाच्या लग्नाचं होय हे?" तिने भाऊंना विचारलं.

"कोनाच्याच नाई, आजी. तुह्याच साठी हाय."

आजीने जरा विचार केला. "मंग वाजू दे," ती म्हणाली.

अल्बम शेवटाकडे आला होता. एक ड्रमवादक थांबला, तबला थांबला. भाऊ माझ्याकडे बघून हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. त्याच वेळी लाल दिव्याची गाडी धूळ उडवत शिरली आणि नियोजक गळ्यावर बोट फिरवत आले.

भाऊंनी दोन्ही हात काखेत घातले.

"बंद करा! साहेब आले!"

"पाच मिन्टं हायेत."

"अहो, साहेब गाडीतून उतरले!"

"त्यायले म्हना, बसा. ह्या बाया सकाळपासून बसून हायेत."

"कुणाला विचारून वाजवताय तुम्ही हे?"

"आजीले," भाऊ म्हणाले, आणि पेटीला टेकलेल्या म्हातारीकडे हनुवटीने खूण केली. "थे म्हनते वाजू दे."

नियोजकांनी मिक्सरकडे पाहिलं, पण एवढ्या खिट्यांपैकी कोणती कशाची हे त्यांना कळेना. मग ते मागे धावले आणि त्यांनी जनरेटरच बंद केला.

संगीत तुटलं. उतरलं नाही, तुटलं. भाऊंचे हात काखेतच राहिले.

त्याबरोबर पंखे थांबले आणि माईकही मेला. जनरेटर जुना होता, असा अचानक बंद केला की रुसायचा. तो पुन्हा सुरू झाला नाही. साहेबांनी माईकशिवाय भाषण केलं. पहिल्या रांगेपलीकडे ते कुणालाही ऐकू गेलं नाही, आणि धानोऱ्याच्या त्या मैदानावर एवढं छोटं भाषण पूर्वी कधी झालं नसेल. पुढे केलेल्या हातांत पिशव्या पडल्या. आजीने आपली पिशवी डोक्यावर उन्हासाठी घेतली. साहेबांचा फोटो वर आला.

याच्यावर हसून विषय संपायला हवा होता. आपल्याकडे संपत नाही. दोन दिवसांनी भाऊंना एका कार्यालयात चौकशीला बोलावलं. मलाही, साक्षीदार म्हणून. आम्हाला सकाळची वेळ दिली होती, आत दुपारनंतर घेतलं. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याने भाऊंना नाव विचारलं. भाऊंनी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, आडनावासकट, आणि दुसऱ्यांदा ऐकताना तो खुर्चीत पुढे सरकला. माझं नाव त्याने एकदाच विचारलं.

"आदिवासी महिलांना हे परदेशी संगीत ऐकवण्यामागे हेतू काय?"

"चांगलं हाय," भाऊ म्हणाले.

"त्यात संदेश काय आहे?"

"शब्दच नाई जी त्यात."

"म्हणजे संदेश लपवलेला आहे?"

मी मध्ये पडलो. फ्यूजन म्हणजे काय, ते कुठून आलं, कसं ऐकावं, हे जेवढ्या सभ्यपणे सांगता येईल तेवढं सांगितलं. आयुष्यात जॅझवर माझं एकमेव व्याख्यान झालं ते तिथे. अधिकाऱ्याने ते लक्षपूर्वक ऐकलं आणि भाऊंना विचारलं, "साहेब आल्यावरही चालू ठेवा असं सांगणारी ती म्हातारी कोण? तिचं नाव, गाव?"

भाऊ पहिल्यांदाच घाबरले. स्वतःसाठी घाबरले नव्हते ते. "आजी-बिजी कोनी नवती," ते म्हणाले. "मीच वाजवलं. मले आयकाचं होतं."

त्यांना सोडून दिलं. गुन्हा काहीच नव्हता, त्यामुळे शिक्षाही कुठे झाली नाही. फक्त त्यानंतर एकाही सरकारी कार्यक्रमाला माइकवाल्या भाऊंना कुणी बोलावलं नाही. बोलावू नये असं कुणी म्हणालं नव्हतं. मी विचारत फिरलो. प्रत्येकाने मला चहा दिला आणि वरून सूचना नाहीत असं सांगितलं. वर विचारलं, तर खालच्यांचा निर्णय असेल म्हणाले. ज्या माणसाच्या माईकवरून ही मंडळी वर्षानुवर्षं जगाला ऐकू आली, त्याच्याबद्दल एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. लग्नांची कामं तर आधीच डीजेवाल्यांनी नेली होती. मोठ्या पेट्या एकेक करून विकल्या गेल्या. दोनच राहिल्या.

मी सुचवलेल्या अल्बममुळे हे झालं, तेव्हा मला अपराधी वाटत असेल, असं काही सहकाऱ्यांना वाटलं. मला तसं वाटलं नाही. मला राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि तो उतरवावा असं मला वाटतही नाही.

भाऊ मात्र माझ्याकडे यायचे. पेन ड्राइव्ह खिशात असायचा. एकदा मी सवयीने विचारलं, "किती वेळाचा देऊ?"

"लंबा देजा," ते म्हणाले. "आता कोनी येनार नाई."

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून खुर्चीत बसलेले असताना, ते गेले.

गावच्या सांस्कृतिक मंडळाने शोकसभा ठेवली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे तेच आपले धानोऱ्याचे नियोजक. सेवेतून निवृत्त झाल्यावर ते संस्कृतीकडे वळले होते. प्रमुख उपस्थितीसाठी त्यांनी साहेबांना बोलावलं होतं, तेच पिशवीवरचे. सूत्रसंचालन मी करावं असं ठरलं. मी एका अटीवर हो म्हटलं: आवाजाची व्यवस्था मी बघणार.

उरलेल्या दोन पेट्या मागायला भाऊंच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने, भाभींनी, स्वतः पेट्यांवरची चादर काढली.

"मी रोजच म्हनत होती त्यायले, बंद करा ते, बंद करा," त्या म्हणाल्या. "आज बंद नका करू, सर."

सभा चारची होती. सभागृह भरलं होतं, हारासाठी फोटो होता, फोटोपुढे रिकामी खुर्ची होती आणि ती भाऊंसाठी नव्हती. मी पेन ड्राइव्ह लावला आणि आवाज वाढवून बाजूला झालो. पियानो सुरू झाला, मग बास. शोकसभेला हे कसलं संगीत, असं काही चेहऱ्यांवर दिसलं, पण सगळे साहेबांची वाट बघत असल्याने कुणाला दुसरं काही काम नव्हतं. ते ऐकत बसले. भाभी पहिल्या रांगेत होत्या. बास आला की त्या पेटीकडे बघायच्या.

अर्ध्या तासाने अध्यक्ष माझ्याजवळ आले. पुढच्या भाषणात ते भाऊंशी असलेल्या आपल्या घरोब्याबद्दल बोलणार होते.

"सर, हे किती वेळ चालणार?"

"साहेब येईपर्यंत," मी म्हणालो.

ते परत जाऊन बसले आणि दाराकडे पाहू लागले. एक ड्रमवादक थांबला. तबला थांबला. दाराशी काही हालचाल झाली. अध्यक्ष अर्धवट उठले. तो चहावाला होता. दुसरा ड्रम थांबला, बास थांबला, आणि पियानोचा तो एकच सूर राहिला. मी दोन्ही हात काखेत घातले. तो सूर पातळ होत होत कुठे संपला आणि सभागृहातला पंख्याचा आवाज कुठे सुरू झाला, ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी खोकलं. भाभींनी पदराने डोळे पुसले.

साहेब आलेच नाहीत. ते त्या दिवशी चंद्रपुरात एका संगीत महोत्सवाचं उद्घाटन करत होते, असं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं. संगीत ही ईश्वराची भाषा आहे, असं ते तिथे म्हणाले. तिथेही ते दोन तास उशिरा पोचले होते.